पाकिटात पत्र आहे का?

मी अकरा वर्षं मराठी मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटी सांभाळली. सोमवारी शूट झालेल्या सीनमध्ये सुनेच्या हातात चार बांगड्या असतील, तर गुरुवारी त्या सीनचा उरलेला भाग करताना चारच हव्यात. पदर त्याच खांद्यावर हवा, कपातला चहा तेवढाच हवा. हे सगळं बघणारी ती मी. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून घरी बसून बघते. गेल्या महिन्यात ‘कोणती मालिका बघावी?’ असं विचारणारी पत्रं खूप आली. या वेळचं सदर त्यांचंच.

ताई, आमच्या घरात सासूबाई (वय ७८), मी आणि आठवीतली मुलगी अशा तिघी संध्याकाळी टीव्हीसमोर असतो. हल्लीच्या मालिकेत सासू-सून भांडायला लागल्या की आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नाही. तिघींना चालेल असं काही सांगाल?
– एक वाचक, सातारा

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ लावा. २००१ साली अल्फा मराठीवर सुरू झाली, दिग्दर्शक केदार शिंदे. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावर ती बेतलेली आहे. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शलाका आणि शिऱ्या, एवढंच घर. मालिका आठवड्यातून एकदा यायची आणि बहुतेक गोष्ट त्या दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी संपायची. त्यामुळे मधला कुठलाही भाग लावलात तरी सासूबाईंना ‘मागे काय झालं?’ विचारावं लागणार नाही.

प्रभावळकरांचा जन्म १९४४चा. मालिका सुरू झाली तेव्हा ते सत्तावन्नचे होते, आणि आबा त्यांच्यापेक्षा बरेच म्हातारे. मेकअपने केस पांढरे होतात. बसल्या जागेवरून उठताना गुडघ्यावर हात टेकायचा की खुर्चीच्या हातावर, हे मात्र नटालाच ठरवावं लागतं आणि प्रत्येक भागात तसंच ठेवावं लागतं. मी कितीतरी भाग फक्त त्यांच्या उठण्याबसण्यासाठी पुन्हा बघितले आहेत. श्यामलाच्या भूमिकेत शुभांगी गोखले आहेत. सासरा आणि सून एकमेकांशी इतक्या साधेपणाने बोलताना मी नंतर फारसे कुठे पाहिले नाहीत. तुम्हा दोघींना एकमेकींकडे बघायला अडचण येणार नाही, हे मी खात्रीने सांगते.

ती संपली की प्रतिमा कुलकर्णींची ‘प्रपंच’ शोधा. समुद्राकाठचं घर, एकत्र कुटुंब, सुधीर जोशी आणि प्रेमा साखरदांडे. मुलीला आधी संथ वाटेल. दोन भाग धीर धरायला सांगा.

मी एक दैनंदिन मालिका पहिल्या भागापासून मनापासून बघितली. शंभरेक भाग उत्तम होते. मग अचानक नवीन खलनायिका आली, सात वर्षांचा लीप आला, नायिकेचा स्वभावच बदलला. फसवल्यासारखं वाटतंय. लेखकाला काहीच कसं वाटत नाही?
– एक वाचक, नागपूर

लेखकाला वाटतं हो. पण तोवर बहुतेक वेळा लेखक बदललेला असतो.

हे कसं चालतं ते सांगते. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटांची मालिका उरते. आठवड्याला सहा भाग, म्हणजे महिन्याला पंचवीस-सव्वीस. त्यासाठी दिवसाला बारा-तेरा तास शूट. हाताशी आठ-दहा भागांची ‘बँक’ असली की सगळे निवांत असतात. सण आला, कुणी आजारी पडलं की बँक संपते आणि आज शूट केलेलं उद्या दाखवायची वेळ येते. दर गुरुवारी टीआरपी येतो. आकडा घसरला की चालू ट्रॅक मोडून नवा ट्रॅक. संवादांची पानं फोनवर येतात, तीसुद्धा कलाकार मेकअपला बसल्यावर.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. आमच्या एका मालिकेत नायिकेच्या हाती तिच्या वारलेल्या वडिलांचं पत्र लागतं, असा ट्रॅक होता. तिने पाकीट हातात घेतलं तिथे एपिसोड संपला. दुसऱ्या दिवशी ते उघडणार तेवढ्यात दारावर बेल. तिसऱ्या दिवशी सासूने हिसकावलं. चौथ्या दिवशी परत मिळालं. मी रोज त्या पाकिटाचे फोटो काढत होते : कोपरा कुठे दुमडलाय, तिकीट किती सुटलंय. हाताळून हाताळून ते इतकं मऊ पडलं की मला तसंच दुसरं तयार करावं लागलं. तेव्हा जुनं फोडून पाहिलं. आत कोरा कागद होता. कलादिग्दर्शकाच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, ‘मजकूर आलाच नाही.’ मग लेखकाला फोन केला. तो बिचारा गप्प झाला, आणि मग म्हणाला, ‘काय लिहायचं ते चॅनलचं अजून ठरलेलं नाही.’ अख्खा महाराष्ट्र त्या पत्राची वाट बघत होता आणि आम्हा कुणालाच माहीत नव्हतं त्यात काय आहे. नायिकेचं काम करणारी मुलगी त्या पाकिटाकडे बघून चार दिवस खरी रडली होती. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

तेव्हापासून कुठलीही मालिका बघताना मी स्वतःला एकच विचारते : पाकिटात पत्र आहे का? पहिला भाग लिहिताना शेवट काय होणार हे कुणाला माहीत होतं का? तसं असेल तर ते चौथ्या-पाचव्या भागातच जाणवायला लागतं. पात्रं उगाच दारं वाजवत नाहीत.

तुम्हाला असं काही हवं असेल तर सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेली ‘अग्निहोत्र’ बघा. २००८ची, स्टार प्रवाहवरची, लेखन श्रीरंग गोडबोले यांचं. वाडा, पांगलेलं कुटुंब, आठ गणपतींचं रहस्य. रहस्य आहे म्हणून चिकटून बसाल, पण मला जास्त आवडतात त्यातली म्हातारी माणसं. विक्रम गोखले, मोहन आगाशे, विनय आपटे यांना एकत्र बघायला मिळणं हे आपलं भाग्य. राजवाड्यांचीच ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ जानेवारी २०१२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. घना आणि राधा आपापल्या सोयीसाठी लग्न करतात, मग खरंच गुंततात. गोष्ट सांगून झाली, थांबले. मालिका लोकप्रिय असताना थांबणं किती अवघड असतं हे सेटवर काम केलेल्या माणसालाच कळतं.

मी नर्स आहे, रात्रपाळी असते. आठवड्याभरात संपेल अशी छोटी मालिका सांगा.
– एक वाचक, ठाणे

‘ज़िंदगी गुलज़ार है’, पाकिस्तानी, सव्वीस भाग. २०१४ मध्ये ‘ज़िंदगी’ वाहिनी सुरू झाली तेव्हा आपल्याकडे आली होती. कशफच्या आईला तीन मुलीच झाल्या म्हणून बापाने दुसरं लग्न केलेलं. आई शाळेत नोकरी करून मुलींना शिकवते. सनम सईदने साकारलेल्या कशफचा राग बघा. तो कपड्यांतून, बसच्या प्रवासातून, न घेतलेल्या मदतीतून दिसतो. माझं एका बाबतीत या मालिकेशी भांडण आहे : नायकाची नोकरी करणारी आई आणि बहीण यांना तिने अकारण दोषी ठरवलं आहे. तुम्ही स्वतः रात्रपाळी करून घर चालवता, तुम्हालाही ते खटकेल. तरी बघा.

ताई, मी कोरियन मालिका बघते म्हणून आई सतत बोलते. ‘आपल्याकडे काय कमी आहे?’ म्हणते. तिला एक तरी दाखवायची आहे. कोणती दाखवू?
– एक वाचक, पुणे

‘रिप्लाय १९८८’. दुसरी कुठलीही नको. वीस भाग आहेत, एकेक तासाहून मोठा, म्हणून शनिवार-रविवार धर.

सोलमधली एक गल्ली, पाच घरं, पाच मित्रमैत्रिणी. पहिल्याच भागात संध्याकाळी जेवणाच्या वेळी एक आई मुलाला शेजारी भाजी द्यायला पाठवते. शेजारीण भांडं रिकामं परत कसं करणार, ती दुसरं काही भरून देते. मग ते तिसऱ्या घरी. पोरं हातात वाट्या घेऊन गल्लीभर एकमेकांना ओलांडत फिरतात. तुझी आई चाळीत किंवा वाड्यात वाढली असेल तर ती तिथेच बसेल, उठणार नाही.

आणि घरातला पैसा बघ. नायिका डॉक-सनचे वडील बँकेत नोकरीला आहेत, तरी कुटुंब अर्धवट जमिनीखालच्या खोल्यांत राहतं, कारण वडील मित्राच्या कर्जाला जामीन राहिले आणि मित्राने ते बुडवलं. हे एकदा कळलं की त्या घरातलं प्रत्येक अंडं मोजलेलं आहे हे आपल्यालाही दिसायला लागतं. डॉक-सन मधली मुलगी. मोठ्या बहिणीचा वाढदिवस तिच्या तीन दिवस आधी असतो, म्हणून दर वर्षी एकाच केकवर दोघींचं भागवतात. मोठीने फुंकर मारली की मेणबत्त्या पुन्हा पेटवायच्या आणि हिला गाणं म्हणायचं. एका वर्षी ही पोरगी फुटते, अंडं आणि कोंबडीची तंगडी नेहमी दुसऱ्यांनाच का मिळते म्हणून रडते. नंतर रात्री बाप तिच्या एकटीसाठी केक घेऊन गल्लीत येतो आणि सांगतो की, मीही बाप म्हणून जन्माला आलो नव्हतो, मलाही हे पहिल्यांदाच करावं लागतंय.

मी तीन बहिणींतली मधली. हा भाग मी एकटीने बघितला आणि रात्री साडेअकराला धाकटीला फोन लावला.

आईसोबत बघताना खालच्या इंग्रजी ओळी तूच तिला वाचून दाखव. तेवढाच वेळ दोघी जवळ बसाल.

‘रात्रीस खेळ चाले’ नऊ वर्षांच्या मुलाला दाखवावी का?
– एक वाचक, कोल्हापूर

नको, घाबरेल. तुम्ही जरूर बघा, मालवणी इतक्या थाटात टीव्हीवर त्याआधी आली नव्हती. मुलाला चौदा-पंधराचा होऊ द्या.

मुलगा बारावीत आहे. फाळणी त्याच्यासाठी पुस्तकातलं एक पान आहे. काही दाखवता येईल?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

‘तमस’. गोविंद निहलानींनी भीष्म साहनींच्या कादंबरीवरून केली, १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली. तेव्हा ती बंद पाडण्यासाठी लोक कोर्टात गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी स्वतः मालिका बघितली आणि दाखवू दिली. सर्वोच्च न्यायालयानेही तिच्याच बाजूने निकाल दिला. मुलाला हे आधी सांगा.

सुरुवातीलाच ओम पुरींचा नत्थू एका कोठडीत रात्रभर डुक्कर मारायचा प्रयत्न करतो. त्याला सांगितलेलं असतं की डॉक्टरला हवंय. संवाद जवळजवळ नाहीत, घाम आणि धाप आहे. सकाळी तेच जनावर मशिदीच्या पायरीवर सापडतं. पुढे हरनामसिंग आणि बंतो हे म्हातारं शीख जोडपं रात्रभर चालून एका अनोळखी मुसलमान घराचं दार वाजवतं. हरनामसिंगचं काम खुद्द भीष्म साहनींनी केलं आहे, बंतो दीना पाठक. दार उघडणारी राजो म्हणजे सुरेखा सिक्री. तिला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आत घेऊ की नको, हे ठरवताना तिच्या चेहऱ्यावर काय काय होतं ते बघायला मुलाला सांगा. त्याच्याबरोबर बसा, एकट्याला दाखवू नका. आणि रात्री उशिरा नको.

आईला आता जवळजवळ ऐकू येत नाही. मशीन लावलं की डोकं दुखतं म्हणते. दिवसभर बंद टीव्हीसमोर बसते. तिला काय दाखवू? तिला कानडी आणि मराठी दोन्ही येतं.
– एक वाचक, बेळगाव

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मग आवाज बंद करून घरी एकेक मालिका लावून बघितली. रोजच्या मालिका लगेच गळाल्या. तिथे सगळं पार्श्वसंगीत आणि बोलणं सांगतं, चेहरे नुसते वळत राहतात. ‘मालगुडी डेज’ टिकली.

शंकर नागांनी ती आगुंब्याला चित्रित केली, दोड्डमने नावाच्या जुन्या घरात आणि आसपासच्या रस्त्यांवर. कौलं, ओसरी, पाऊस, लाकडी खांब. आईंना ते आपल्याकडचंच वाटेल. स्वामीच्या वडिलांच्या कामात गिरीश कार्नाड आहेत, त्यांना त्या ओळखतीलच. सुरुवातीला आर. के. लक्ष्मण यांची चित्रं येतात.

पहिल्या दिवशी घोडा आणि दोन शेळ्यांची गोष्ट लावा. एक म्हातारा शेळ्या राखतोय, शेजारी गावाबाहेरचा घोड्याचा जुना पुतळा. एक अमेरिकन येतो. त्याला पुतळा विकत हवाय, म्हाताऱ्याला वाटतं तो शेळ्या मागतोय. दोघांना एकमेकांची भाषा अजिबात कळत नाही आणि तरी दोघं मनापासून गप्पा मारतात. तिथे ऐकू येणारे आपण आणि तुमच्या आई सारख्याच पातळीवर येतो.

दुसऱ्या दिवशी पोस्टमनची गोष्ट लावा. लग्नघरासाठी वाईट बातमी असलेलं पत्र येतं. ते दिलं तर लग्न मोडेल, म्हणून पोस्टमन ते स्वतःजवळ ठेवतो आणि लग्न लागल्यावर देतो. ही गोष्ट आईंना आधी दोन ओळींत कागदावर लिहून द्या, मग पुढचं त्यांना दिसेल.

दोन्ही भाग अर्ध्या तासाच्या आत संपतात. आईंची झोपायची वेळ चुकणार नाही.