गुडघा बदलल्यावर पाऊल गार पडले तर

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या, जुना मधुमेह, मिश्रीची सवय. पुढच्या महिन्यात गुडघा बदलायचा आहे. ओळखीतल्या एका बाईंचा पाय ऑपरेशननंतर गार पडला, रक्तवाहिनीचे दुसरे ऑपरेशन करावे लागले. असे का होते?
— एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : असे फार क्वचित होते. पण झाले तर पाय जाऊ शकतो, म्हणून आधीच विचारलेत हे बरे केलेत.

पावलाकडे रक्त नेणारी मुख्य धमनी गुडघ्याच्या अगदी मागून जाते. हाड कापायच्या करवतीने ती कापली जाऊ शकते. पण पुष्कळदा तिच्यात गुठळी होते. ऑपरेशनवेळी रक्त थांबवायला मांडीला आवळलेला पट्टा (टुर्निके) कॅल्शियम साचून कडक झालेली धमनी चेपतो, आतला थर चिरतो आणि तिथे रक्त गोठते. वाकलेला गुडघा सरळ करतानाही ताण बसतो. मधुमेह आणि तंबाखू धमन्या कडक करतात. मिश्री म्हणजे तंबाखूच; आजच बंद करा.

पावलावरची आणि आतल्या घोट्यामागची नाडी ऑपरेशनआधी तपासून घ्या. ती लागत नसेल, किंवा चालताना पोटरी भरून येऊन थांबल्यावर मोकळी होत असेल, तर डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब ०.९ पेक्षा कमी आला तर अडथळा समजावा. मधुमेहात कडक धमनी दबत नाही, आकडा फसवा, १.४ च्याही वर येतो. मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. अडथळा असल्यास आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवा. टुर्निके न बांधताही हे ऑपरेशन करता येते.

नंतर दोन्ही पावले ताडून पाहा. एकच गार, पांढुरके, बोटे हलेनात, नाडी लागेना, तर लगेच डॉक्टरांना बोलवा. पाठीतल्या भुलीमुळे दुखणे जाणवत नाही, म्हणून ‘भूल उतरू दे’ म्हणत थांबू नका. साधारण सहा तासांत रक्त सुरू झाले नाही तर स्नायू मरू लागतात. शेक नको, मालीश नको. रात्री सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन कुठे मिळतील, साताऱ्यात, कऱ्हाडला की पुण्यात, हे दाखल होण्याआधीच विचारून ठेवा.

प्रश्न : ऑपरेशनला तीन आठवडे झाले. गुडघ्यामागे ठोके देणारी गाठ आहे. तेल लावून चोळू का?
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : मुळीच नको. धमनीला छिद्र पडून रक्ताचा फुगा झालेला असू शकतो. आजच सर्जनना दाखवून डॉप्लर करा. सुई टोचून पाणी काढू देऊ नका.