तुमचे प्रश्न : तेच यान मंगळावर काहून नाही नेत?

प्रश्न (आर्णी तालुका, जि. यवतमाळ) : भाऊ, शुभांशु शुक्ला ज्या ड्रॅगन यानात गेले तशी यानं परत येतात अन पुन्हा उडतात म्हणे. मंग तेच यान चंद्रावर, मंगळावर काहून नाही नेत? आमचा ट्रॅक्टर नांगरते बी, ट्रॉली बी ओढते, थ्रेशर बी चालवते. यानाले काय होते?

उत्तर : भाऊ, ट्रॅक्टर परवडतो कारण तो रोज कुणाच्या ना कुणाच्या वावरात असतो, आपलं झालं की भाड्यानं जातो. त्याला चार वर्षांतून एकदाच काम मिळालं असतं तर हप्ता कुठून भरला असता? मंगळाचं नेमकं तसंच आहे. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी येतात साधारण 26 महिन्यांतून एकदा, जायला सहा ते नऊ महिने, मग परतीचा मुहूर्त येईपर्यंत तिथंच थांबायचं, म्हणजे एक फेरी अडीच-तीन वर्षांची. आता गंमत बघा, यान परत येईस्तोवर पुढचा मुहूर्त निघून गेलेला असतो, त्यामुळे तेच यान पुन्हा निघणार पहिल्यांदा निघाल्यापासून चार वर्षं उलटल्यावर. अशा दहा फेऱ्या करायच्या तर चाळीसेक वर्षं लागतील, आणि तेवढ्या काळात त्याचे रबरी सील, व्हॉल्व्ह, कॉम्प्युटर सगळं जुनाट होऊन बसेल. याउलट डिस्कव्हरी नावाचं नासाचं स्पेस शटल, म्हणजे पृथ्वीजवळच्या कक्षेत जाऊन विमानासारखं परत उतरणारं यान, 1984 ते 2011 मध्ये 39 वेळा उडालं. पुनर्वापर म्हणतात तो जवळच्या, वारंवारच्या फेऱ्यांचा धंदा आहे, आणि माझ्या मते ही गोष्ट रॉकेटवाल्यांच्या जाहिरातीत कधी धड सांगत नाहीत.

बरं ड्रॅगनचं. ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला, म्हणजे स्पेस स्टेशनला, जोडलेलं असेल तर 210 दिवस टिकेल असं बनवलंय, पण एकट्यानं मोकळं फिरायचं म्हटलं तर दहाएक दिवसच, कारण आतली हवा, पाणी, जेवण तेवढंच. ती टॅक्सी आहे, घर नाही. स्टेशनवर 2000 पासून माणसं सतत राहतायत हे खरं, पण तिथं काही बिघडलं की खालून पार्ट पाठवता येतो आणि अगदीच गंभीर झालं तर माणसं काही तासांत घरी. मंगळाच्या अर्ध्या वाटेत यातलं एकही होत नाही. शिवाय रेडिएशन, म्हणजे अवकाशातले घातक किरण. नासाची क्युरिऑसिटी गाडी मंगळावर जाताना तिच्यावरच्या उपकरणानं रस्त्यातलं मोजलं, रोजचं सुमारे 1.8 मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशनचं माप), म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यातच सहाशेच्या वर मिलिसिव्हर्ट. त्याला अडवायला जाड भिंती किंवा पाण्याचा थर लागतो, आणि तो आला की वजन आलं.

वजन हीच खरी गोम आहे. शटलला पंख होते, चाकं होती, शेपूट होती, सगळं धावपट्टीवर उतरण्यासाठी. ते जास्तीत जास्त गेलं 600 किलोमीटरच्या आसपास उंचीवर, चंद्र आहे 3,84,000 किलोमीटरवर. कक्षेत पोचेपर्यंत मोठी नारंगी टाकी टाकून दिलेली असायची, त्यानंतर मुख्य इंजिनांना इंधनाचा थेंबही नसायचा. समजा वर कुणी टाकी भरून दिली, तरी ढोबळ हिशोबानं शंभर टनाच्या यानाला नुसतं चंद्राच्या वाटेला लावायला त्याच्याच वजनाएवढं हायड्रोजन-ऑक्सिजन लागतं, परतीचं वेगळंच. आणि एवढं जाळून नेतोय काय, तर चंद्रावर ज्यांचा काडीचा उपयोग नाही ते पंख न् चाकं! चंद्रावर माणसं नेणाऱ्या अपोलोवाल्यांनी म्हणून सरळ सगळं टाकत टाकत प्रवास केला, सुटताना रॉकेट 2,900 टनांच्या घरातलं आणि समुद्रात परत पडली ती पाच-साडेपाच टनांची डबी. लोक म्हणतात किती नासाडी, मला तर तो हिशोब चोख वाटतो.

यावर आता तोडगा काय निघालाय तर कामं वाटून द्या. जमिनीवरून वर जाणारं यान वेगळं, अवकाशातच राहणारं वेगळं. स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप यानाचं चंद्रावर उतरणारं मॉडेल नासानं 2021 मध्ये निवडलं, त्याला उष्णतेचं कवच नाही, पंखाच्या फळ्या नाहीत, कारण ते पृथ्वीवर उतरणारच नाहीये, माणसं नासाच्या ओरायन यानातून परतणार. पण त्यालाही निघण्याआधी पृथ्वीच्या कक्षेत टँकर फेऱ्या मारून मारून भरावं लागणार, एका फेरीत भागत नाही.

प्रश्न (मेहकर, जि. बुलडाणा, कॉलेज विद्यार्थिनी) : सर, लोणार आमच्याजवळच आहे त्यामुळे उल्का कशी आदळते ते माहीत आहे. यान चंद्रावरून परत येताना जास्त तापतं का? शटलच्या उष्णता अडवणाऱ्या फरशा का नाही चालणार?

उत्तर : हो, बरंच जास्त तापतं. जवळच्या कक्षेतून येणारं यान सेकंदाला 7.8 किलोमीटरनं येतं, चंद्रावरून येणारं 11 किलोमीटरनं. फरक दिसतो छोटा, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे दर किलोमागे सरळ दुप्पट. घर्षणानं तापतं असं पुस्तकात लिहितात, ते अर्धवट आहे, यानापुढची हवा बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, ती दाबली जाऊन भट्टीसारखी होते.

शटलला 24,000 च्या आसपास फरशा होत्या, वाळूतल्या सिलिकाच्या तंतूंपासून केलेल्या, प्रत्येकीचा नंबर वेगळा, आकार वेगळा, आणि दर फेरीनंतर माणसं त्या एकेक तपासत बसायची. त्या साधारण 1,260 अंश सेल्सिअसपर्यंत टिकणाऱ्या, नाक आणि पंखांच्या कडांचं कार्बनचं कवच 1,650 पर्यंत टिकणारं. ओरायनचं कवच सोसतं 2,700 च्या वर. तिथं मग जळत जळत झिजणारं कवच लागतं, ते स्वतः कोळसा होतं आणि उष्णता घेऊन निघून जातं, आणि जे जळून गेलं ते पुन्हा कसं वापरणार? ओरायन 2022 मध्ये माणसांविना चंद्राला फेरी मारून आलं तेव्हा कवचाचे तुकडे शंभराहून जास्त ठिकाणी अपेक्षेबाहेर निघालेले सापडले. आत तयार झालेल्या गॅसला बाहेर पडायला वाट नव्हती म्हणून तडे गेले, हे शोधायला नासाला दोन वर्षं लागली.

आणि पुन्हा वापरायचं कवच किती नाजूक असतं ते आपल्याला कल्पना चावलांमुळे माहीत आहे. 16 जानेवारी 2003 ला टाकीवरचा पाऊणएक किलोचा फोमचा तुकडा सुटला, उड्डाणानंतर 82 व्या सेकंदाला त्यांच्या कोलंबिया शटलच्या डाव्या पंखाच्या कडेवर आदळला, आणि 1 फेब्रुवारीला परत येताना त्या भोकातून तापलेली हवा आत शिरली. सातही जण गेले.

प्रश्न (वर्धा) : भारताचं असं यान आहे का?

उत्तर : माणसांचं नाही, पण इस्रोचं पुष्पक आहे, पंखवालं. 2 एप्रिल 2023 ला कर्नाटकात चित्रदुर्गजवळ चिनूक हेलिकॉप्टरनं साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडलं आणि ते आपलं आपण धावपट्टीवर उतरलं, 2024 मध्ये आणखी दोनदा. पुढं कक्षेतून परत यायची चाचणी करायची आहे. चंद्राचा विचार त्याच्या डिझाइनमध्ये नाहीच, आणि वर वाचलंत तर का नाही ते कळेलच.