कंगोरे उलगडत नाहीत

इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यात ॲक्टन बर्नेल नावाचं गाव आहे. तिथल्या पडक्या वास्तूवरचा मजकूर मराठीत आणणाऱ्या एका वाचक भगिनींनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. 'फोर्टिफाइड मॅनर हाउस'ला, म्हणजे जमीनदाराच्या तटबुरुजांच्या घराला, मराठीत काय म्हणावं? आणि 'लायसन्स टू क्रेनेलेट'ला, म्हणजे असं घर बांधायला राजा देत असे त्या परवान्याला, 'तटबंदीचा परवाना' चालेल का? पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "या वास्तूच्या इतिहासाचे अनेक कंगोरे मला उलगडायचे आहेत."

कंगोरे उलगडायचे! वर्तमानपत्रं, पुस्तकांची परीक्षणं, सत्काराची भाषणं, सगळीकडे हल्ली कंगोरे उलगडतात. उलगडते ती घडी. उलगडतो तो पदर, गुंता किंवा कोडं. कंगोरा दगडात नाही तर लाकडात कोरलेला असतो, त्याला घडी कशी पडेल? कंगोरे दिसतात, दाखवता येतात, हाताला लागतात, झिजतात. या पत्रात तर ही चूक जास्तच बोचते, कारण बाईंनी विचारलेल्या दुसऱ्या शब्दाचं उत्तर त्यांच्याच वाक्यात आहे.

कंगोरा हा फारसी 'कंगुरा'. त्याचा मूळ अर्थ तटाच्या किंवा बुरुजाच्या माथ्यावरचा दाता, म्हणजे दातासारखा वर आलेला भाग. हिंदीत 'कँगूरा' आजही तिथेच आहे. मराठीत मात्र तो तटावरून खाली उतरला. आधी दाराच्या चौकटीवर आणि कपाटाच्या कडेवर आला, मग नाण्याच्या काठावर, आणि शेवटी 'विषयाला अनेक कंगोरे आहेत' इथवर पोचला. तटावर आपण त्याच्या जागी 'चर्या' म्हणू लागलो.

आता 'क्रेनेलेट' पाहा. लॅटिन 'क्रेना' म्हणजे खाच. जुन्या फ्रेंचमध्ये तिच्यापासून 'क्रेनेल' झालं, म्हणजे दोन दात्यांमधली फट. त्यावरून तटाला अशा फटी ठेवणं म्हणजे 'क्रेनेलेट' करणं. एकाच भिंतीचा एकच माथा, पण फ्रेंच माणसाने नाव दिलं पोकळीला आणि इराणी माणसाने दात्याला! मला हे कळलं त्या दिवसापासून कुठलाही तट पाहिला की मी आधी फटी पाहतो आणि मग दाते.

आणखी एक. हिंदीतला 'कँगूरा' मराठीत 'कंगोरा' का झाला? उकाराचा ओकार होतोच, त्यात विशेष काय, असं म्हणून अभ्यासक पुढे जातात. मला ते पटत नाही. मजुराचा 'मजोर' झाला नाही, दस्तुराचा 'दस्तोर' झाला नाही, अंगुराचा 'अंगोर' झाला नाही. मग कंगोऱ्यावरच ही मेहेरबानी का? माझं मत असं, की मराठी कानाने त्यात 'कोर' ऐकली. चंद्राची कोर, भाकरीची कोर. कोर म्हणजे कड, आणि कोरणं म्हणजे खोदून आकार काढणं. कंगोरा कोरलेला असतो आणि कडेलाच असतो. म्हणूनच मराठीत तो 'बुरुजाचा दाता' न राहता 'कोरीव कड' झाला. नुसत्या ध्वनिनियमाने आवाज बदलतो, अर्थ असा सरकत नाही. हे सिद्ध करणारा कागद माझ्याकडे नाही, पण 'उकाराचा ओकार' म्हणून हात झटकणाऱ्यांकडेही तो नाही.

तर 'लायसन्स टू क्रेनेलेट' म्हणजे कंगोऱ्यांचा परवाना. 'तटबंदीचा परवाना' म्हटलं की सगळा अर्थच सैनिकी होतो, आणि ॲक्टन बर्नेलला तो अर्थ लागू पडत नाही. या परवान्यांच्या लॅटिन मजकुरात घर दगडचुन्याच्या भिंतीने बळकट करायला आणि 'केर्नेल्लारे' म्हणजे कंगोरे काढायला मुभा असते. दोन क्रियापदं स्वतंत्र आहेत. ॲक्टन बर्नेलचा परवाना २८ जानेवारी १२८४ चा. तो मिळाला रॉबर्ट बर्नेलला. हा बाथ अँड वेल्सचा बिशप आणि इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याचा चान्सलर, म्हणजे राजाचा उजवा हात.

वेल्सची सीमा जवळ म्हणून तट लागला असेल, असं सांगणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. एडवर्डशी लढणारा वेल्सचा राजपुत्र लिवेलिन डिसेंबर १२८२ मध्ये मारला गेला होता. त्याचा भाऊ डॅविड याला ऑक्टोबर १२८३ मध्ये जवळच्याच श्रूझबरीत देहान्त शासन झालं होतं. त्याच महिन्यात राजा बर्नेलच्या गावी मुक्कामाला होता, आणि व्यापाऱ्यांची थकलेली येणी वसूल करण्याचा कायदा तिथेच झाला. तो आजही ॲक्टन बर्नेलच्याच नावाने ओळखला जातो. हा कायदा करणारी सभा ज्या कोठारात भरली असं परंपरा सांगते, त्याच्या फक्त दोन टोकांच्या त्रिकोणी भिंती आज उभ्या आहेत. म्हणजे शत्रू संपल्यावर परवाना आला! आणि घर कसं, तर तांबड्या वालुकाश्माचं, आयताकृती, चार कोपऱ्यांना चार चौकोनी मनोरे आणि वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्याला भल्या मोठ्या खिडक्या. वेढ्याची भीती असलेला माणूस अशा खिडक्या ठेवत नाही. इतिहासकार चार्ल्स कूल्सन यांनी हे परवाने प्रामुख्याने प्रतिष्ठेचे होते असं मांडलं, आणि ज्यांनी त्याआधी प्रत्येक दात्यामागे तिरंदाज उभा केला होता त्यांचं म्हणणं मला अगदीच उथळ वाटतं. कंगोरा हे मानाचं चिन्ह होतं, जसं आपल्याकडे दारापुढे नगारखाना.

१२९२ मध्ये बर्नेल वारला. पुढे घर लव्हेल घराण्याकडे गेलं. १४२० च्या सुमारास ते ओस पडलं होतं असं सांगतात, नंतर काही भाग पाडला गेला आणि उरलेल्याचा उपयोग धान्याच्या कोठारासारखा झाला.

राहिला पहिला प्रश्न. 'मॅनर' लॅटिन 'मानेरे'वरून आला, म्हणजे राहणं. त्यात लढाई कुठेच नाही, म्हणून 'किल्ला' नको, मग तिथल्या नावात 'कॅसल' असलं तरी. 'वाडा' जवळचा आहे, पण त्यात बुरूज डोळ्यांपुढे येत नाहीत. मराठवाड्यात किंवा विदर्भात कुणालाही विचारा, चार कोपऱ्यांना बुरूज असलेल्या देशमुखाच्या घराला काय म्हणतात. गढी. आपली गढी बहुतेक पांढऱ्या मातीची आणि ही तांबड्या दगडाची, एवढा फरक एका वाक्यात सांगून टाका आणि बिनदिक्कत 'ॲक्टन बर्नेलची गढी' लिहा.