इंदूरच्या शेवेच्या पाकिटावर ग्रॅमसोबत औंस छापावेत का?

इथे विकायच्या पाकिटावर नको. वैधमापन कायदा, 2009 च्या कलम 11 नुसार देशातल्या विक्रीसाठी वजन मेट्रिकमध्येच सांगायचं. त्यातही ‘ग्रॅम’साठी नुसता छोटा ‘जी’. ‘जीएमएस’ ही सर्रास होणारी चूक. ‘अंदाजे’ वगैरे शब्दही चालत नाहीत.

अमेरिकेत उलट: तिथे दोन्ही एककं सक्तीची. कलम 11 निर्यातीला लागू नाही, म्हणून त्या मालाचं लेबल सरळ वेगळंच करून घ्या. 1 औंस म्हणजे 28.35 ग्रॅम, 200 ग्रॅमचे 7.05. तिथे 7.1 लिहू नका, ते 201 ग्रॅमच्या वर जातं आणि माल कमी भरतो. 7 औंस लिहा. निर्यातीतून उरलेली पाकिटं इंदूरच्याच सराफा बाजारात विकायची तर आधी लेबल बदला.