एकादशी, साबुदाण्याची उसळ आणि जपानचं नोबेल

प्रश्न : मॅडम, सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, शुगरची गोळी सुरू आहे. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आलं की उपवास केला की शरीर आपल्यातला कचरा खाऊन टाकतं, कॅन्सरच्या पेशीसुद्धा खातं, आणि हे सिद्ध करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं. एकादशी होतीच, आता सोमवार आणि गुरुवारही धरले. मुलगा आठवीत आहे. तो म्हणतो, पुस्तकात त्याला लयकारिका म्हणतात, म्हणजे आत्मघाती पिशव्या. ‘आजी आत्मघात करून राहिली का?’ म्हणून चिडवतो. खरं काय ते सांगा ना जी.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, नोबेल खरं आहे. योशिनोरी ओसुमी, २०१६. पण त्यांनी उपाशी ठेवलं ते यीस्टला. बेकरीत पाव फुगवायला घालतात ना, तेच. एकादशीशी त्यांचा काही संबंध नव्हता.

त्यांचा प्रयोग मात्र मला फार आवडतो, वर्गात शिकवताना मी त्यावर अख्खा तास घालवायची. लयकारिका म्हणजे पेशीतला टाकाऊ माल मोडणारी पिशवी. यीस्टमध्ये तिचं काम रिक्तिका नावाची पिशवी करते, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसेल एवढी मोठी. पण तिच्यात काय येतं ते दिसायचं नाही, कारण आलेला माल लगेच विरघळून जायचा. ओसुमींनी असं यीस्ट घेतलं, ज्याच्या रिक्तिकेत प्रथिनं तोडणारी विकरंच (एन्झाइम) नव्हती, आणि त्याचं खाणं तोडलं. काही तासांत रिक्तिका बारीक गोळ्यांनी गच्च भरली. मी मुलांना म्हणायची, पिठाची गिरणी सुरू असते तेव्हा दिवसाला किती दळण येतं ते कळत नाही. लाइन गेली की डब्यांची रांग दारापर्यंत येते, तेव्हा कळतं. मग ज्या यीस्टमध्ये हे डबे जमतच नाहीत, असं बिघडलेलं यीस्ट हुडकत १९९३ मध्ये त्यांनी १५ जनुकं पुढे आणली. त्यांचे भाऊबंद आपल्या पेशींतही आहेत.

आपल्याकडे होतं ते असं. जुनी झालेली तंतुकणिका (पेशीसाठी ऊर्जा बनवणारा भाग), बिघडलेली प्रथिनं यांच्याभोवती दुहेरी पडद्याची पिशवी तयार होते आणि ती लयकारिकेला जाऊन मिळते. लयकारिकेत ६०च्या आसपास विकरं असतात आणि आतला सामू (पीएच, आकडा जितका लहान तितका आंबटपणा जास्त) ४.५ ते ५, म्हणजे साधारण दह्याइतका आंबटपणा. बाहेर पेशीद्रवात तो ७.२ असतो. हा आंबटपणा टिकवायला पेशी सतत ऊर्जा खर्च करते. प्रथिनं तुटून अमिनो आम्लं होतात, ती बाहेर येतात आणि त्यांतून पुन्हा नवी प्रथिनं बनतात. आपण जेवलेलो असलो तरी हे थोडंथोडं सुरूच असतं.

आणि तो ‘आत्मघाती’ शब्द मला कधीच पटला नाही. थोडी विकरं बाहेर सांडली तरी तिथे आंबटपणा नसल्याने त्यांचं फारसं चालत नाही. बेल्जियमच्या क्रिस्तियान द द्यूव्ह यांनी या पिशव्यांना १९५५ मध्ये नाव दिलं आणि १९६३ मध्ये ‘ऑटोफेजी’ म्हणजे स्वभक्षण हा शब्दही त्यांचाच. तुमच्या मुलाला उंदराच्या पिलाचं सांगा. नाळ तुटली की पहिलं दूध पोटात जाईपर्यंत पिलू उपाशीच असतं, आणि तेवढ्या वेळात त्याच्या पेशी हेच करून तग धरतात. या कामातलं एक जनुक काढून टाकलेली पिलं जन्मल्यावर एका दिवसात मेली. आता यात आत्मघात कुठे आला?

कॅन्सरचं तर अगदीच चुकलं. यात पेशी आपल्याच आतला माल मोडते, शेजारच्या पेशी गिळत नाही. उलट कॅन्सरची पेशीसुद्धा हीच युक्ती वापरून उपासमारीत जगते.

आता उपवासाकडे या. सासूबाई त्या दिवशी काय खातात? आपल्या नागपुरात साबुदाण्याची उसळ, वर दाण्याचा कूट, दुपारी बटाटा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. पोटात गेला की त्याची साखर होते, इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन पेशीला सांगतं की माल भरपूर आला आहे, मोडतोड थांबवा. म्हणजे ज्यासाठी उपवास धरला तेच उसळीनं बंद पाडलं. (उसळ सोडा असं मी म्हणत नाही, मीच सोडलेली नाही.)

हसायचं सोडून एक सांगते. शुगरच्या काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर साखर धोकादायक उतरते आणि उसळ खाल्ल्यावर तीच साखर झपकन चढते. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, कमीही करू नका. त्यांच्या गोळ्यांची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि आता आठवड्याला दोन उपवास वाढलेत हे स्पष्ट सांगा. तोवर सोमवार-गुरुवार थांबवा. घाम फुटला, हात थरथरले, चक्कर आली, तर उपवास असो-नसो, लगेच साखरपाणी द्या.