दिसत नाही, म्हणजे नेमके कोणाला दिसत नाही?

आपण विचारले आहे की, उबुंटू असलेल्या संगणकात जोडलेली एक टीबीची दुसरी हार्ड डिस्क फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाही, दुकानदार म्हणतो लिनक्स ती ओळखतच नाही, तेव्हा ती फॉर्मॅट करून विंडोज टाकावे काय. शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो : फॉर्मॅट करू नका, आणि त्या दुकानात डिस्क पुन्हा नेऊ नका. इतके तोडून बोलण्याचा अधिकार मला आमच्या मेहुण्यांनी मिळवून दिला आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

‘दिसत नाही’ असे म्हणताना ती कोणाला दिसत नाही, हे आधी ठरवावे लागते. बायोसमध्येच, म्हणजे लिनक्सच्याही आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ प्रणालीतच, डिस्कचे नाव येत नसेल तर लिनक्सचा त्यात काडीचाही संबंध नाही. केबल, वीजपुरवठा, बंद ठेवलेला पोर्ट किंवा खुद्द डिस्क यांपैकी कोणीतरी दोषी आहे. काही मदरबोर्डांवर एम.२ खाचेत एसएसडी बसवली की एखादा सॅटा पोर्ट (डिस्कची केबल लावण्याची जागा) आपोआप बंद होतो, तेही मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. बायोसमध्ये नाव येत असेल तर टर्मिनलवर ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा द्या. (आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहीत आहे; टंकताना त्या रोमन छोट्या अक्षरांतच टंकाव्यात.) तेथे ‘एसडीबी’ (लिनक्स दुसऱ्या डिस्कला सहसा देतो ते नाव) अशी ओळ आली तर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, डिस्क व्यवस्थित दिसते आहे, ती केवळ माउंट झालेली नाही, म्हणजे वापरासाठी उघडलेली नाही. मग ‘ब्लकआयडी’ने तिच्यावर कोणती फाइल प्रणाली (फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) आहे ते पाहावे. ती विंडोजची एनटीएफएस असेल आणि विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे (संगणक पुरता बंद न करण्याच्या सोयीमुळे) डिस्क अर्धवट झोपेत असतानाच काढलेली असेल, तर लिनक्स तिच्यावर लिहिण्यास नकार देतो, आणि तो नकार योग्यच असतो. एसडीबीची ओळच नसेल तर ‘डीमेसेज’चा (dmesg), म्हणजे कर्नलने नोंदवलेल्या संदेशांचा, मजकूर वाचा. मी तो तीन आठवडे वाचला नाही, आणि पुढचे सारे रामायण त्यातून घडले.

फोंडा तालुक्यातील आमच्या गावात देवीच्या जत्रेला गावकऱ्यांनीच बसवलेले संगीत नाटक होते. गोव्यात हे काही नवल नव्हे. २०११ पासून त्या प्रयोगांचे ध्वनिमुद्रण व चित्रीकरण सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. पायपेटीवर साथ करणारे आमचे एक वृद्ध काका पुढे वारले, त्यांची साथ केवळ या मुद्रणांतच उरली आहे. हे सर्व दोन टीबीच्या एका डिस्कवर होते आणि ती डिस्क माझ्या डेबियन (हेही लिनक्सच) असलेल्या संगणकात दुसरी म्हणून जोडलेली होती. एका वर्षी ऐन श्रावणात ती कधी दिसू लागली, कधी नाहीशी होऊ लागली, आणि एके दिवशी पुरतीच गेली. सवडीने पाहू, असे म्हणून मी मुलीच्या प्रवेशासाठी पुण्याला गेलो.

माझ्या पाठीमागे नाटक मंडळाला एका जुन्या प्रयोगातील पदांच्या चाली तातडीने हव्या झाल्या. पत्नीने तिच्या थोरल्या भावाला बोलावले. मेहुणे पणजीला एका कार्यालयात संगणक सांभाळतात आणि ज्या वस्तूला दाम मोजला नाही तिला किंमत नसते, या मताचे आहेत. त्यांनी कॅबिनेट उघडले, डिस्क काढली आणि ती एका दुरुस्तीच्या दुकानात नेली. तेथे ती यूएसबी डॉकवर बसवून विंडोजला जोडताच क्षणात दिसली. येथे थोडे थांबा. जी डिस्क माझ्या संगणकाला दिसत नव्हती ती दुसऱ्या केबलवर लगेच दिसली, म्हणजे डिस्क धडधाकट होती, हे त्याच क्षणी सिद्ध झाले होते. पण विंडोजने ‘डिस्क इनिशियलाइझ (वापरासाठी नव्याने तयार) करावी लागेल’ अशी चौकट दाखवली, आणि दोघा जाणत्यांनी विचार न करता जीपीटी (डिस्कवरील विभागांची नोंद ठेवण्याची एक मांडणी) निवडून ‘ओके’ दाबले. पुढची पायरी फॉर्मॅटची होती. ती टळली, कारण घड्याळात एक वाजला होता आणि दुकानदाराला शटर ओढून घरी जेवायला व झोपायला जायचे होते. गोव्यातील दुपारच्या झोपेची बाहेरचे लोक चेष्टा करतात. मी त्या दिवसापासून करत नाही. चार वाजता दुकान उघडण्याआधीच पत्नीने मला फोन केला होता आणि डिस्क जशीच्या तशी परत आणून ठेवण्यास मी सांगितले होते. निरोप मात्र असा आला : “भावोजी, डिस्क कोरी आहे. तुमच्या फुकटच्या लिनक्सने गिळली.”

परत आल्यावर मी डिस्क जुन्या जागी जोडली आणि अखेर डीमेसेज वाचले. त्यात ‘सॅटा लिंक डाउन’ असे स्वच्छ लिहिले होते, आणि मागच्या नोंदी उघडल्या तेव्हा आधीचे तीन आठवडे दुवा तुटल्याच्या व पुन्हा जुळल्याच्या ओळी सापडल्या. डीव्हीडी ड्राइव्हची केबल काढून डिस्कला लावली, तोच डिस्क हजर झाली. ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची स्वतःची प्रकृतीनोंद तपासली तर तिच्यातील क्रमांक १९९ची, म्हणजे केबलवरून जाताना माहिती बिघडल्याच्या (सीआरसी) त्रुटींची, संख्या वाढलेली होती, खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) दाखवणारा क्रमांक ५ आणि प्रलंबित सेक्टरांचा १९७ मात्र शून्यावर होते. क्रमांक १९९ एकटाच वाढतो तेव्हा पहिला संशय केबलवर घ्यावा. केबलच्या तोंडाशी असलेल्या सात संपर्कांवर आमच्याकडच्या दमट हवेने काळपट पुटे चढवली होती. दुरुस्तीवाले त्याला ‘कार्बन धरला’ म्हणतात. शंभर रुपयांची वस्तू.

आता ‘कोऱ्या’ डिस्कविषयी. माझ्या डिस्कवरची एक्स्टफोर ही लिनक्सची फाइल प्रणाली पहिले १०२४ बाइट मोकळे सोडते आणि तेथून पुढे सुपरब्लॉक, म्हणजे आपली मुख्य नोंद, ठेवते. जीपीटीची मांडणी डिस्कच्या पहिल्या ३४ सेक्टरांवर लिहिली जाते. प्रत्येकी ५१२ बाइट धरले तर ते १७४०८ बाइट होतात, म्हणजे सुपरब्लॉक त्याखाली गाडला गेला होता. परंतु एक्स्टफोर त्या नोंदीच्या प्रती पुढे ठरावीक ठिकाणी राखून ठेवते. ब्लॉक ४०९६ बाइटचा असेल तर पहिली प्रत ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर असते, दुसरी ९८३०४वर. मी मोठी नवी डिस्क आणली आणि ‘डीडीरेस्क्यू’ने जुन्या डिस्कची बाइटन् बाइट प्रत घेतली. मूळ डिस्कवर कोणताही प्रयोग करायचा नाही, हा नियम मी त्या रात्री कसोशीने पाळला. मध्यरात्री वीज गेली, पण डीडीरेस्क्यूच्या मॅप फाइलमुळे (कोठवर प्रत झाली याच्या नोंदीमुळे) काम थांबले होते तेथूनच पुढे चालू झाले. सकाळी त्या प्रतीवर ‘ई२एफएससीके’ या फाइल प्रणाली दुरुस्त करणाऱ्या आज्ञेला ‘-बी ३२७६८’ हा पर्याय देऊन चालवले आणि माउंट केले. एकही मुद्रण गेले नव्हते. काकांची पायपेटी ऐकत मी चहा घेतला.

मेहुण्यांना हे सर्व मी तपशिलाने सांगितले आहे. तरीही दरवर्षी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सासुरवाडीचे सगळे मूळ घरी जमले की, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीखाली) पाट मांडले जात असतानाच ते कोणाला तरी सांगतात, “आमच्या भावोजींची डिस्क लिनक्सने खाल्ली होती.” म्हणून येथे लेखी नोंदवतो : केबल खराब असल्याचे लिनक्सने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, डिस्कवर लिहिण्याची परवानगी विंडोजने मागितली होती, आणि ती माणसांनी दिली. आपल्या दुकानदाराचे ‘लिनक्स ओळखत नाही’ हे वाक्य त्याच जातीचे आहे. त्याला विचारा की डीमेसेजमध्ये काय आले आहे. उत्तर आले नाही तर त्याने ते पाहिलेलेच नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पहिली अशी की, माझीही चूक होती. मी त्या डिस्कवर विभाग न पाडता थेट संपूर्ण डिस्कवरच एक्स्टफोर घातली होती, आणि म्हणूनच विंडोजला ती कोरी भासली; शिवाय मुद्रणांची दुसरी प्रत ठेवली नव्हती. हे मेहुण्यांना अद्याप सांगितलेले नाही. दुसरी अशी की, आपली डिस्क नवी कोरी असेल तर माझा सुरुवातीचा हुकूम रद्द समजा. तिच्यावर विभाग पाडून ती फॉर्मॅट करावीच लागते, फक्त ते ‘जीपार्टेड’मध्ये (लिनक्सवरील विभाग पाडण्याच्या प्रोग्रॅममध्ये) आणि ती एसडीबीच आहे याची दोनदा खात्री करून करावे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र यांपैकी काहीही न करता वीज तोडा, कारण तेव्हा प्रत्येक मिनिटाला नुकसान वाढत असते.

डिस्क दिसू लागली की ‘एफस्टॅब’मध्ये, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क माउंट करायच्या त्या यादीत, तिची नोंद यूयूआयडीने (तिच्या फाइल प्रणालीच्या ओळख क्रमांकाने) करा, एसडीबी या नावाने नव्हे, कारण ते नाव पुढच्या वेळी बदलू शकते. सोबत ‘नोफेल’ लिहा. ते नसेल तर डिस्क न सापडल्यास संगणक सुरू होताना दीड मिनिट अडून बसतो आणि मग आपत्कालीन स्थितीत जातो. त्याआधी केबल तेवढी बदलून पाहा. माझी जुनी केबल मी टाकलेली नाही. तिच्या तोंडाशी कागदाची चिठ्ठी बांधून ती कपाटात ठेवली आहे, आणि यंदा चवथीच्या सामानात ती सोबत नेणार आहे.