ल्युप्रोलाइडच्या इंजेक्शनने गर्भाशयातल्या फायब्रॉइडचा (कर्करोग नसलेल्या गाठीचा) रक्तपुरवठा खरंच कमी होतो का?

हो, होतो. या इंजेक्शनने इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक रजोनिवृत्तीइतकं खाली येतं, आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आक्रसतात. डॉप्लर सोनोग्राफीत (जी रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवते) ते दिसतं: गाठीभोवती रंगांचं जे कडं असतं ते फिकं पडतं, गर्भाशयाच्या धमनीत रक्तप्रवाहाला होणारा अवरोध वाढतो. साधारण 3 महिन्यांत गाठ जवळपास निम्म्यावर येऊ शकते. म्हणूनच ऑपरेशनच्या आधी हे देतात, रक्तस्राव कमी होतो. मात्र गाठीभोवतीचा पदर पुसट होतो आणि ती सोलून काढणं अवघड जातं, अशी सर्जनची कुरकुर असते (ती खोटी नाही). इंजेक्शन थांबवलं की काही महिन्यांत रक्तपुरवठाही परततो, गाठही. हाडं ठिसूळ होतात म्हणून नुसतं हेच औषध सहसा 6 महिन्यांपलीकडे नेत नाहीत.